वाचकांचे प्रश्न : हा डेटा वाचणार कोण?

स्वयंसेवी संस्थांनी डेटा आणि तंत्रज्ञान यांचा उपयोग अधिक चांगल्या रीतीने कसा करावा, या विषयावर आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख ‘कोणते सॉफ्टवेअर घ्यावे’ याकडे होता. खरी अडचण बहुधा त्याच्या अलीकडेच कुठे तरी असते, असे पत्रे वाचताना पुन्हा पुन्हा वाटले. त्यांपैकी सहा पत्रे आवश्यक तेथे संक्षेप करून उत्तरांसह देत आहोत. पत्रलेखकांची आणि संस्थांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमची संस्था अनेक वर्षे मुलांच्या शिक्षणाचे काम करते. जुन्या नोंदी कागदी नोंदवह्यांत आहेत आणि अलीकडच्या नोंदी निरनिराळ्या कार्यकर्त्यांच्या लॅपटॉपवर एक्सेलच्या फायलींत विखुरलेल्या आहेत. एका देणगीदार संस्थेने डॅशबोर्ड (सगळे आकडे आणि आलेख एकाच पडद्यावर दाखवणारी सोय) तयार करून घेण्यासाठी स्वतंत्र निधी देऊ केला आहे. विश्वस्तांना कल्पना फार आवडली आहे, परंतु फायलींची अवस्था मला ठाऊक असल्यामुळे धाकधूक वाटते. काय करावे? — एक कार्यक्रम समन्वयक

उत्तर : आपली धाकधूक रास्त आहे आणि ती विश्वस्तांच्या कानावर घालणे हे पहिले काम आहे. आधी कळस मग पाया असा हा प्रकार होऊ घातला आहे. निधी नाकारावा असे माझे म्हणणे नाही. त्यातील मोठा हिस्सा नोंदी साफ करण्यासाठी आणि ते काम करणाऱ्या माणसाच्या वेतनासाठी वापरता येईल का, हे देणगीदारांना स्पष्टपणे विचारून पाहावे. विचारताना फायलींचा एक खराखुरा नमुना, नावे झाकून, त्यांच्यासमोर ठेवला तर लांबलचक स्पष्टीकरणाची गरज उरणार नाही.

त्याआधी एका कागदावर येत्या सहा महिन्यांत संस्थेला कोणते निर्णय घ्यायचे आहेत ते लिहून काढावे : कोणत्या केंद्रावर दुसरा शिक्षक द्यायचा, कोणते केंद्र बंद करायचे, कोणत्या मुलांच्या घरी जायचे. प्रत्येक निर्णयापुढे तो कोण घेणार, केव्हा घेणार आणि कोणता आकडा दिसला तर त्याचे मत बदलेल, हे नोंदवावे. आकडा चाळीस निघाला काय किंवा सत्तर निघाला काय, निर्णय तोच राहणार असेल, तर तो आकडा गोळा करण्याचे कष्ट कुणालाही देऊ नयेत. माझ्या मते संस्थांमधील निम्म्याहून अधिक रकाने या एकाच कसोटीवर गळून पडतील.

हजेरीचेच उदाहरण घ्या. केंद्राची महिन्याची सरासरी हजेरी ऐंशी टक्के आहे, असे डॅशबोर्डवर हिरव्या रंगात झळकते. याचा अर्थ प्रत्येक मूल पाच दिवसांतून एक दिवस येत नाही असा होऊ शकतो, किंवा पाचांतले एक मूल मुळीच येत नाही असाही होऊ शकतो. पहिल्या परिस्थितीत फारसे काही करावे लागत नाही. दुसऱ्या परिस्थितीत त्या मुलाच्या घरी आजच जायला हवे. सरासरी दोन्हीकडे सारखीच दिसते. कार्यकर्तीला उपयोगी पडते ती सलग तीन दिवस न आलेल्या मुलांची यादी, आणि ती दर आठवड्याला एका पानावर छापून देता येते. त्यासाठी डॅशबोर्ड लागत नाही. हजेरी मुलागणिक आणि दिवसागणिक नोंदलेली असावी लागते.

आता फायलींविषयी. आपल्याकडील एखादी शीट उघडली तर जन्मतारखेच्या रकान्यात कुठे ‘१२/३’, कुठे ‘अंदाजे ८ वर्षे’, कुठे ‘माहीत नाही’ असे लिहिलेले सापडेल. काही ओळी पिवळ्या असतील आणि पिवळ्याचा अर्थ ‘शाळा सोडली’ की ‘पुन्हा भेट द्यायची’ हे फक्त त्या ओळी रंगवणाऱ्याला ठाऊक असेल. एकाच मुलीचे नाव तीन प्रकारे लिहिल्यामुळे ती तीन मुली झालेली असेल. यावरचे उपाय जुनेच आहेत, पण ते नेटाने पाळावे लागतात. एका ओळीत एकच व्यक्ती किंवा एकच भेट असावी, एका रकान्यात एकच गोष्ट असावी, रकाने एकमेकांत विलीन करू नयेत, रंगाला अर्थ देऊ नये, आणि ‘शून्य’ व ‘विचारले नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या नोंदवाव्यात. प्रत्येक मुलाला एक कायमचा क्रमांक द्यावा आणि नावावरून जुळवाजुळव करण्याची सवय सोडावी. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी. या क्रमाला आंतरराष्ट्रीय मानकाचा आधार आहे आणि त्यात दिवस व महिना यांची अदलाबदल होत नाही.

एक्सेलच्या बाबतीत बेसावध राहिल्यास भल्याभल्यांची फजिती होते. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोविडच्या सुमारे १६,००० बाधितांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत, कारण प्रयोगशाळांकडून आलेला डेटा एक्सेलच्या जुन्या स्वरूपातील फायलीत भरला जात होता आणि त्या स्वरूपात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी गुपचूप गळून गेल्या आणि त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. त्याच वर्षी मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने काही जनुकांची नावे बदलल्याचे जाहीर केले. मार्च किंवा सप्टेंबर महिन्यासारखी दिसणारी ती नावे एक्सेल आपण होऊन तारखांमध्ये रूपांतरित करत असे. तरीही लहान संस्थेने एक्सेल सोडावे असे मी म्हणणार नाही. शिस्तीने ठेवलेली एक शीट अर्धवट समजलेल्या महागड्या प्रणालीपेक्षा कितीतरी बरी.

कपाटातल्या नोंदवह्या मात्र सरसकट संगणकावर चढवू नयेत. चालू वर्ष आणि त्यामागचे एक वर्ष पुरेसे आहे. जुन्या काळाविषयी एखादा नेमका प्रश्न उभा राहिलाच, तर त्यापुरत्या काही वह्या नमुन्यादाखल काढाव्यात.

प्रश्न : आरोग्य प्रकल्पातील आमच्या कार्यकर्त्यांना आम्ही मोबाइल दिले आणि सर्वेक्षण अ‍ॅपवर सुरू केले. पूर्वी अर्ध्या तासात होणारी गृहभेट आता तासभर चालते, अशी त्यांची तक्रार आहे. काही जण रात्री घरी बसून फॉर्म भरतात, असाही संशय आहे. देखरेख कशी वाढवावी? — एक प्रकल्प व्यवस्थापक

उत्तर : देखरेख वाढवण्याच्या आधी फॉर्म लहान करावा. रात्री घरी बसून भरलेला फॉर्म हे बहुतेक वेळा आळसाचे लक्षण नसते. दिवसा तो भरणे शक्य नव्हते, एवढेच त्यातून कळते.

साधनांची उणीव आता राहिलेली नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये ‘ओपन डेटा किट’ हा प्रकल्प सुरू झाला आणि साध्या अँड्रॉइड फोनवर, इंटरनेट नसतानाही माहिती भरून ती नंतर पाठवण्याची सोय सर्वांना खुली झाली. त्याच पायावर उभे राहिलेले ‘कोबो टूलबॉक्स’ आज जगभरातील मदतसंस्था वापरतात; ‘कॉमकेअर’ हे आरोग्य कार्यकर्त्यांसाठी बनवलेले साधनही प्रसिद्ध आहे. यांपैकी कोणतेही घेतले तरी उत्तरानुसार पुढचे अनावश्यक प्रश्न वगळता येतात आणि अशक्य उत्तर, उदाहरणार्थ नवजात बाळाचे वजन तीस किलो, जागच्या जागी अडवता येते. अडचण असते ती कागदावरचा जुना फॉर्म जसाच्या तसा अ‍ॅपमध्ये उतरवून, त्यात प्रत्येक विभागाच्या आवडीचे चार प्रश्न वाढवण्यात. त्यातही कागदी वही बंद केलेली नसते, म्हणजे तीच माहिती दोनदा लिहायची. आपल्याकडे वही सुरू असेल, तर अ‍ॅप रुजल्यावर ती कोणत्या तारखेला बंद होणार हे आजच जाहीर करावे.

एखाद्या दिवशी फॉर्म तयार करणाऱ्या माणसाने कार्यकर्तीबरोबर गृहभेटींना जावे आणि काही न बोलता पाहावे. दारात उभी असलेली आई, तिच्या कडेवर रडणारे मूल, उन्हात न दिसणारा पडदा, आणि घरातले चार जण ऐकत असताना गर्भपाताविषयी विचारायचा बेचाळिसावा प्रश्न. त्या प्रश्नाला उत्तर दिल्याखेरीज अ‍ॅप पुढे सरकत नाही, म्हणून कार्यकर्ती ‘नाही’वर बोट ठेवते आणि पुढे जाते. कार्यालयात ते उत्तर पक्की नोंद म्हणून साठते. सक्तीचे प्रश्न खोटी उत्तरे निर्माण करतात. म्हणून ‘माहीत नाही’, ‘सांगायचे नाही’ आणि ‘विचारता आले नाही’ असे तीन वेगळे पर्याय द्यावेत. तिसऱ्या पर्यायाची संख्या वाढली, तर दोष प्रश्नाचा किंवा प्रसंगाचा आहे असे समजावे.

प्रश्न स्वतः बनवण्याचा मोहही आवरावा. अपंगत्वाविषयी माहिती हवी असेल तर ‘घरात कुणी अपंग आहे का’ असे विचारल्यास अनेक जण संकोचाने नाही म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या छत्राखाली काम करणाऱ्या ‘वॉशिंग्टन ग्रुप’ने यासाठी सहा प्रश्नांचा छोटा संच तयार केला आहे. त्यात पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःची निगा राखणे आणि संवाद साधणे यांत किती अडचण येते, एवढेच विचारले जाते. असे पारखलेले प्रश्न वापरल्यास आपली आकडेवारी इतरांच्या आकडेवारीशी ताडून पाहता येते.

देखरेखीचा भाग येतो तो यानंतर. अ‍ॅपमध्ये फॉर्म सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ आपोआप नोंदली जाते. एकाच संध्याकाळी पाठोपाठ भरलेले फॉर्म त्यावरून लगेच दिसतात. ते दिसल्यावर ‘असे का करावे लागले’ हे विचारावे. शिक्षेपासून सुरुवात केली तर पुढच्या महिन्यात त्या वेळाही व्यवस्थित दिसू लागतील आणि आपल्याला काहीच कळणार नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेला विचार पुढे त्यांच्याच नावाने नियम म्हणून प्रसिद्ध झाला : जे मोजमाप उद्दिष्ट म्हणून डोक्यावर ठेवले जाते, ते मोजमाप म्हणून निकामी होते. ‘दररोज दहा भेटी’ असा कोटा ठरवल्यास दहा फॉर्म नक्की येतील; दहा भेटी झाल्या का, हे त्यावरून सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कार्यकर्तीने पाठवलेली माहिती तिच्याकडे परत येते का? तिच्या वस्तीतील कोणत्या गरोदर महिलेची तपासणी चुकली आहे आणि कोणत्या बाळाचा डोस राहिला आहे, याची यादी तिच्याच फोनवर दर सोमवारी आली, तर माहिती अचूक भरण्यात तिचा स्वतःचा फायदा असेल. माहिती फक्त वरच्या दिशेने वाहत राहिली, तर ती भरणे हा तिच्यासाठी निव्वळ वेठबिगारीचा प्रकार ठरतो.

प्रश्न : एका उत्साही स्वयंसेवक अभियंत्याने आमच्यासाठी विनामूल्य सॉफ्टवेअर बनवून दिले. तो परगावी गेला आणि आता काही बिघडले की आमचे गाडे अडते. आता विकत घ्यावे की मुक्तस्रोत (ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेले) वापरावे? — एका संस्थेच्या सचिव

उत्तर : स्वयंसेवी तंत्रज्ञ आणि संस्था यांची गाठ घालून देण्याचे प्रयत्न जुने आहेत. आज ‘टेकसूप’ या नावाने ओळखली जाणारी संस्था १९८७ मध्ये अमेरिकेत नेमक्या याच हेतूने सुरू झाली; २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘डेटाकाइंड’ने विदाविज्ञानातील (डेटा सायन्समधील) तज्ज्ञांच्या बाबतीत तेच केले. म्हणजे आपल्याला आलेला अनुभव काही जगावेगळा नाही. स्वयंसेवकाचे काम कुठे टिकते हे पाहायचे असेल, तर हैतीतील जानेवारी २०१० च्या भूकंपानंतरची घटना आठवावी. जगभरातील शेकडो स्वयंसेवकांनी उपग्रह छायाचित्रांवरून रस्ते आणि इमारती ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशात रेखाटल्या आणि बचावपथकांनी तो नकाशा वापरला. काम लहान तुकड्यांत वाटलेले होते, ते कसे करायचे हे लिहून ठेवलेले होते आणि झालेले काम एका कायमस्वरूपी सामायिक ठिकाणी जमा होत होते. एक माणूस निघून गेला तरी नकाशा जागच्या जागी राहिला.

त्या अभियंत्याशी संपर्क असेल, तर मूळ संकेतावली (सोर्स कोड), सर्व्हरचे आणि डोमेनचे पासवर्ड, आणि डेटाची संपूर्ण प्रत या तीन गोष्टी या आठवड्यातच मागून घ्याव्यात. खाती त्याच्या खासगी ईमेलवर असतील, तर ती संस्थेच्या ईमेलवर वळवावीत. यात अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. संस्थेच्या बँक खात्याचे आपण असेच करतो.

मुक्तस्रोत की विकतचे, हा प्रश्न मला तितका कळीचा वाटत नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला परवान्याचे पैसे पडत नाहीत, पण ते बसवणे, सांभाळणे, अद्ययावत ठेवणे आणि लोकांना शिकवणे यांचे पैसे पडतातच. देणगीदार आणि सभासद यांच्या नोंदींसाठी ‘सिव्हीसीआरएम’ आहे, तर ओस्लो विद्यापीठाच्या पुढाकाराने वाढलेली ‘डीएचआयएस २’ ही प्रणाली अनेक देशांची आरोग्य मंत्रालये वापरतात. दोन्ही मुक्तस्रोत आहेत आणि दोन्हींना जाणकार माणूस लागतो. कोणतेही साधन निवडताना विक्रेत्याला किंवा स्वयंसेवकाला विचारावे की आम्ही उद्या हे बंद केले, तर आमचा सगळा डेटा कोणत्या स्वरूपात आणि किती वेळात आमच्या हाती पडेल. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर तिथेच थांबावे. दुसरे म्हणजे, संस्थेतील किमान दोन व्यक्तींना ते चालवता यायला हवे. आपल्या पत्रातील अडचणीचे मूळ याच ठिकाणी आहे.

प्रश्न : अहवाल लिहिण्यासाठी आणि माहितीचे विश्लेषण करण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करावा का? — एक विश्वस्त

उत्तर : मसुदा नीट करणे, एक्सेलचे सूत्र शोधणे, लांब मजकुराचा गोषवारा काढणे या कामांसाठी जरूर करावा. लाभार्थींची नावे, आजार, पत्ते यांसारखा मजकूर मात्र सर्वांसाठी खुल्या असलेल्या अशा सेवेत चिकटवू नये. ही साधने न घडलेल्या गोष्टी अत्यंत आत्मविश्वासाने लिहितात, तेव्हा अहवालातील प्रत्येक आकडा मूळ नोंदीशी ताडून पाहण्याचे काम माणसाकडेच राहते. सर्वेक्षणाच्या प्रश्नांचा अनुवाद त्यांच्याकडून करून घेतला, तर तो दुसऱ्या व्यक्तीकडून उलट मूळ भाषेत करून घ्यावा, मूळ प्रश्नांशी ताडून पाहावा आणि मगच वापरावा. नोंदीच अस्ताव्यस्त असतील, तर या साधनाने त्यांत काही सुधारणा होत नाही. चुका फक्त अधिक सफाईदार भाषेत मांडल्या जातात.

प्रश्न : आम्ही हिंसाचारग्रस्त महिलांसाठी समुपदेशन केंद्र चालवतो. निधी देणारी संस्था सर्व प्रकरणांची यादी मागते. नावे काढून टाकून दिल्यास पुरेसे आहे का? — एक समुपदेशक

उत्तर : पुरेसे नाही. आपल्या कामात तर मुळीच नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९० च्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी, नावे काढून, संशोधकांना उपलब्ध करून दिल्या होत्या. लताना स्वीनी या तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड यांवरून जुळवल्या. राज्याचे गव्हर्नर त्याच शहरात राहत होते. त्यांची जन्मतारीख असलेले मतदार यादीत सहाच होते, त्यांत पुरुष तीन आणि त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाच्या नोंदी अशा उघड झाल्या. पुढे २००० मध्ये स्वीनी यांनी दाखवून दिले की या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवाद्वितीय ठरू शकतात. आपल्या यादीत वय, वस्ती, मुलांची संख्या आणि केंद्रात प्रथम आल्याची तारीख असेल, तर त्या बाईला ओळखण्यासाठी संगणकाचीही गरज पडणार नाही. शेजारी ओळखेल, आणि ज्याच्यापासून ती लपते आहे तो तर नक्कीच ओळखेल.

म्हणून निधी देणाऱ्यांना यादीऐवजी एकत्रित संख्या द्याव्यात : या तिमाहीत किती प्रकरणे आली, कोणत्या वयोगटातील, किती जणींना कायदेशीर मदत मिळाली. एखाद्या गटात मोजक्याच, समजा पाचांपेक्षा कमी, व्यक्ती असतील, तर तो आकडा न देता शेजारच्या गटात मिसळावा. पडताळणीचा आग्रह असेल, तर त्यांच्या प्रतिनिधीने केंद्रात येऊन गोपनीयतेच्या लेखी हमीवर निवडक प्रकरणे समोर बसून पाहावीत. प्रत मात्र बाहेर जाऊ देऊ नये. युरोपीय संघाचा २०१८ पासून लागू झालेला डेटा संरक्षण नियम गरजेपुरतीच माहिती घ्यावी आणि ज्या हेतूने घेतली त्याच हेतूसाठी वापरावी, ही तत्त्वे सांगतो. कायदा कोणत्याही देशाचा असो, निधी देणाऱ्यांशी बोलताना ही दोन तत्त्वे हाताशी ठेवावीत, कारण यादी हवीच असे म्हणणाऱ्यांना ‘कशासाठी’ हे बहुतेक वेळा सांगता येत नाही.

‘आमच्यासारख्या लहान संस्थेच्या फायलींत कोणाला रस असणार’ असे आपल्याला सहकारी म्हणतील. जानेवारी २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या लक्षात आले, की तिच्या सर्व्हरमध्ये कुणी तरी शिरले आहे. युद्ध, आपत्ती आणि स्थलांतर यांत ताटातूट झालेल्या ५,१५,००० हून अधिक व्यक्तींचा डेटा त्या सर्व्हरवर होता. घुसखोरी आदल्या नोव्हेंबरमध्येच झाली होती आणि ती एका दुरुस्त न केलेल्या त्रुटीतून झाली होती. ज्यांचे काम दुबळ्यांना वाचवण्याचे आहे, त्यांच्याकडील माहिती दुबळ्यांविषयीची असते आणि म्हणूनच ती इतरांच्या उपयोगाची असते. आपण फोन आणि लॅपटॉप यांवरील अद्ययावतीकरण टाळू नये, प्रत्येक खात्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी लावावी, नोकरी सोडून गेलेल्यांची खाती त्याच दिवशी बंद करावीत आणि प्रकरणांच्या फायली कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटात फिरू देऊ नयेत. या शेवटच्या सवयीकडे सर्वांत कमी लक्ष जाते. बंद झालेल्या प्रकरणांची माहिती किती वर्षांनी नष्ट करायची, हेही ठरवून लिहून ठेवावे. जी माहिती आपल्याकडे उरलेलीच नाही, ती चोरीला जात नाही.

प्रश्न : आमच्या पूरक वर्गांत आलेल्या मुलांचे वाचन वर्षभरात बरेच सुधारले, असे चाचण्यांतून दिसते. वार्षिक अहवालात हा आमच्या कार्यक्रमाचा परिणाम आहे असे लिहिता येईल का? — एका संस्थेचे संचालक

उत्तर : ‘मुलांचे वाचन सुधारले’ असे लिहिता येईल. ‘आमच्यामुळे सुधारले’ असे लिहिण्याइतका पुरावा आपल्या पत्रात नाही. मुले वर्षभरात मोठी होतात, शाळेतही शिकतात आणि आपल्याकडे न येणारी मुलेही थोडीफार पुढे गेलेलीच असतात. शिवाय आपण वर्गांसाठी सर्वांत कमी गुण मिळवलेली मुले निवडली असतील, तर त्यांतल्या काहींचे गुण त्या दिवशी आजारपणामुळे किंवा घाबरल्यामुळे कमी पडलेले असतात. अशा मुलांचे गुण पुढच्या चाचणीत काहीही न करता वाढतात. संख्याशास्त्रात ही बाब एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे आणि तरीही दरवर्षी कितीतरी अहवाल तिला बळी पडतात.

हा गुंता सोडवण्यासाठी कार्यक्रम कोणाला आधी मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे आणि दोन्ही गटांची तुलना करायची, ही पद्धत विकासाच्या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना याच स्वरूपाच्या कामासाठी २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्यासारख्या संस्थेने लगेच त्या वाटेला जावे असे मला वाटत नाही. तो खर्चिक आणि कौशल्याचा मामला आहे आणि कार्यक्रमाचे स्वरूप अजून बदलते असताना त्यातून फारसे हाती लागत नाही. पण वर्गांसाठी जागांपेक्षा अर्ज जास्त येत असतील, तर सोडत काढणे न्याय्यही आहे आणि ज्यांना पुढच्या सत्रात जागा मिळणार आहे, त्यांची चाचणीही पालकांच्या संमतीने घेता येईल. तुलनेसाठी एवढेही पुष्कळ आहे.

तेवढे जमेपर्यंत वर्षाच्या सुरुवातीला किती मुलांची चाचणी झाली आणि शेवटी किती मुलांची झाली, हे पाहावे. मध्येच सोडून गेलेली मुले बहुधा वाचनात मागे पडलेलीच असतात. ती गेल्यामुळे राहिलेल्यांची सरासरी वर सरकते आणि कार्यक्रम जितकी मुले गमावतो तितका तो यशस्वी दिसू लागतो. म्हणून दोन्ही वेळच्या चाचण्या दिलेल्या मुलांचीच तुलना करावी, गळालेल्यांपैकी जितक्यांच्या घरी जाता येईल तितक्यांच्या घरी जाऊन कारण विचारावे आणि गळालेल्या मुलांची संख्या अहवालात सुधारणेच्या आकड्याच्या शेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी.